आधी लाइटबिल, मग पॅनेल : आमची वाटचाल

2012 साली बडोद्याच्या दांडिया बाजारात गाळा भाड्याने घेतला तेव्हा पाटीवर नुसतं ‘सोलर गीझर’ लिहिलं होतं. त्याच वर्षी तिकडे पाटण जिल्ह्यात चारणक्याचं सोलर पार्क उभं राहिलं, पण बडोद्यातलं घरगुती गिऱ्हाईक छतावरच्या विजेचं नावही काढत नव्हतं. आमचा निम्मा वेळ बोअरच्या पाण्याने क्षार धरलेल्या नळ्या साफ करण्यात जायचा. शहराला सौरऊर्जा नवीन होती असं मात्र नाही. गुजरातची ऊर्जा विकास संस्था, सगळे तिला ‘गेडा’च म्हणतात, 1979 सालची आणि बरीच वर्षं तिचं कार्यालय इथेच होतं. जुन्या घरांच्या माळ्यावर अजूनही एखाद्या सोलर कुकरची पेटी सापडते.

वारं फिरलं 2015 च्या जानेवारीत. शहराजवळ नर्मदेच्या शाखा कालव्यावर 10 मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला, उद्घाटनाला संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की मून आले. पेपरात फोटो झळकले आणि लोक दुकानात येऊन विचारू लागले, “ते कालव्यावर लावलंय तसं आमच्या अगाशीवर लागेल का?” लागेल, पण किती लावायचं हे कालवा बघून नाही, लाइटबिल बघून ठरतं. हे समजावता समजावता आमचा धंदाच बदलला.

गणपतीत मंडळांकडे आम्ही एक संध्याकाळ मागून घेतो, संक्रांतीनंतर हळदीकुंकवांना आमच्या सौ. जातात. अट एकच, येताना बिल घेऊन या. आपल्याकडे बिल दोन महिन्यांचं येतं, त्यामुळे बरेच जण युनिट दुप्पट धरून बसलेले असतात. साधारण हिशेब असा : एक किलोवॅटला शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चारेक युनिट मिळतात. घरात दिवसाला आठ युनिट जळत असतील तर दोन किलोवॅट पुरे. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, दिलेल्या जास्तीच्या युनिटला मिळणारा दर आपण भरतो त्यापेक्षा बराच कमी असतो, मग पाच किलोवॅट कशाला? 2019 मध्ये सूर्य गुजरात योजना आली, तीन किलोवॅटपर्यंत 40 टक्के अनुदान मिळू लागलं, आणि ‘बिल झीरो’ असं छातीठोकपणे सांगणारे विक्रेते गल्लोगल्ली फिरू लागले. युनिट शून्य झाले तरी बिलात लागणारा स्थिर आकार कुठे जातो, हे त्यांना कोणी विचारत नसे. आमच्याकडून बिल तपासून घेऊन पॅनेल दुसऱ्याकडून बसवणारेही निघाले. चालायचंच.

कार्यक्रमात सगळ्यात रंगतो तो पंख्याचा प्रयोग. छोटं पॅनेल उन्हात ठेवून त्यावर टेबलाएवढा पंखा चालवायचा. मग पॅनेलच्या खालच्या कडेला वहीचा पुठ्ठा आडवा धरायचा. झाकली जाते जेमतेम एक ओळ, पण पंखा धापा टाकायला लागतो. आतल्या वीज बनवणाऱ्या पेशी एकापुढे एक जोडलेल्या असतात, एक ओळ अडली की सगळा प्रवाह अडतो. हे डोळ्यांनी पाहिल्यावर पाण्याच्या टाकीची सावली का चालत नाही, यावर वाद होत नाही. मे महिन्यात सगळ्यात जास्त वीज मिळते हा समजही असाच तिथल्या तिथे सुटतो. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको. तापलं की उत्पादन घसरतं. पावसाळ्यात तर घटतंच, ते आधीच सांगून ठेवलेलं बरं.

सगळ्यात जास्त फोन येतात ते वीज गेल्यावर. “काय हो, डोक्यावर एवढं ऊन आणि घरात पंखा बंद?” राग रास्त आहे. पण पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा, ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःहून बंद होतो, व्हायलाच हवा. नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या छताचा करंट लागेल. बॅटरीवाली सिस्टिम वेगळी, तिचा खर्चही वेगळा. हे आम्ही ऑर्डर घेण्याआधी सांगतो. काही जण तिथूनच माघारी जातात.

2024 च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना सुरू झाली. दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे 30,000 आणि तीन किंवा त्याहून जास्त असेल तर एकूण 78,000 रुपये अनुदान. फॉर्म भरून द्यायला दुकानात एक मुलगी ठेवावी लागली, आता बिलं तीच वाचते, माझ्यापेक्षा चोख.

सध्या जास्त वेळ खातात त्या फ्लॅटच्या सोसायट्या. लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी त्यांना याच योजनेतून किलोवॅटमागे 18,000 रुपये मिळतात. अडतं ते पैशावर नाही, अगाशीवर. उत्तरायणाचे दोन दिवस अख्खं बडोदं वर असतं, आणि कोणीतरी पतंग काढायला पॅनेलवर पाय देतोच. काच शाबूत दिसते, आत पेशींना बारीक तडे जातात आणि सहा महिन्यांनी युनिट कमी का, म्हणून विचारणा होते. म्हणून हल्ली आम्ही स्ट्रक्चर डोक्यावरून जाईल एवढं उंच घेतो. लोखंड जास्त लागतं, खाली जागा मोकळी राहते. मागच्या एका सभेत वरच्या मजल्यावरचे काका तरीही हटून बसले, छप्पर घातल्यावर पतंग चढवायचा कुठून? शेवटी नकाशात एक कोपरा मोकळा सोडला. दोन पॅनेल कमी झाली. ठरावावर पहिली सही काकांचीच.