तिथले पोरं लई हुशार असतील ना?

गावाकडून फोन आला की थंडी, जेवण आणि पगार हे तीन विषय संपल्यावर चौथा हाच निघतो. मी औशाची, अकरावी-बारावी लातूरला, मग बीएस्सी, आणि आता जर्मनीत बॉनला गणितात पीएचडी करायलेय, त्यामुळे आमच्याकडच्या सगळ्यांचा समज आहे की मी कुठल्यातरी अचाट हुशार लोकांच्या गर्दीत कशीबशी तग धरून बसलेय. ते अगदीच खोटं नाही. पण फोनवर याचं उत्तर देता येत नाही कारण मी काहीही बोलले तरी पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "शेवटी ते रक्तातच असावं लागतंय बघ", नाहीतर बरोब्बर उलटं, "सराव केला की कायबी जमतंय." आमचे एक काका तर ही दोन्ही वाक्यं एकाच फोनमध्ये बोलतात आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

तर आधी हुशारीचं. बॉनमध्ये पीटर शोल्झ नावाचा माणूस आहे. २०१२ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी तो इथं फुल प्रोफेसर झाला, म्हणजे ज्या वयात आपल्याकडे पोरं सेट-नेटचे फॉर्म भरत असतात. २०१८ ला फील्ड्स मेडल, म्हणजे गणितातल्या सगळ्यात मोठ्या मानांपैकी एक. शाळेत असताना आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये तीन गोल्ड, एक सिल्व्हर. आता असा माणूस गावात आहे म्हणल्यावर बाकीच्यांनी काय करायचं, पाट्या टाकायच्या का? मला आधी असंच वाटायचं की इथं येऊन सगळे त्याच्याकडं बघून खचत असतील. तसं काही नाही हो. त्याच्याशी कुणी तुलनाच करत नाही, त्याचं लेक्चर असलं की जातात, जेवढं कळलं तेवढं लिहून घेतात. जीव जळतो तो बाजूच्या खुर्चीवर बसणाऱ्या आणि शीटमध्ये आपल्यापेक्षा चार पॉइंट जास्त पडलेल्या पोरावर. हे औशात जसं तसंच बॉनमध्ये.

शीट म्हणजे काय ते सांगते. इथं पहिल्या सेमिस्टरपासून दर आठवड्याला एक प्रश्नपत्रिका हातात येते, साधारण चार प्रश्न, आठवडाभर वेळ, दोघा-तिघांनी मिळून सोडवलं तरी चालतं, आणि साधारणपणे एकूण पॉइंटांतले निम्मे पडले तरच शेवटच्या परीक्षेला बसू देतात. आधी मी पण ही शीटं सोडवलीत, आता तपासायचं काम करते. त्यात एक पोरगी आहे, तिची शीटं बघितली की वाटायचं हिला कुणीतरी कानात येऊन सांगतंय, सात-आठ ओळींत सिद्धता, खाडाखोड नाही, अक्षर मोत्यासारखं. एक दिवस ती शंका विचारायला रफ वहीच घेऊन आली. त्या सात ओळींच्या मागं पानंच्या पानं होती, निम्मी तिरकी रेघ मारून कापलेली, एका पानावर एन बरोबर तीन घेऊन बघितलंय, मग चार, मग पाच, पाचला बेरीज चुकलीय, बाजूला हे भलंमोठं प्रश्नचिन्ह, आणि दुसऱ्या पानावर तोच प्रश्न परत पहिल्यापासून. मी तिचं शेवटचं पान बघून तिला मार्क द्यायचे, आणि तिच्या ग्रुपमधली पोरं तेच शेवटचं पान बघून स्वतःला ढ म्हणायची.

पण म्हणून सगळ्यांची रफ वही अशी असते असंही नाही. एक पोरगा आहे, तो प्रश्न वाचता वाचताच मान हलवायला लागतो. खरंच दिसतं त्याला. मी त्याला विचारलं तेव्हा कळलं की सहावीपासून हा शनिवारी गणिताच्या ग्रुपला जायचा, इथं शाळेतल्या पोरांसाठी १९७० पासून एक देशभराची गणित स्पर्धा चालते, त्यात प्रश्न घरी घेऊन महिनोन्महिने सोडवायचे असतात, ते यानं दरवर्षी केलंय. शोल्झचंही तेच, बर्लिनमधल्या खास गणितासाठीच्या शाळेत शिकलेला. म्हणजे माझ्या वर्गात जो 'जन्मजात' वाटत होता त्याचा अभ्यास माझ्याआधी सात-आठ वर्षं सुरू झाला होता, आणि त्या सात-आठ वर्षांत मी सातवीची स्कॉलरशिप देत होते आणि ऑलिम्पियाड म्हणजे पळायची स्पर्धा असं समजत होते.

एवढं सगळं वजा केलं तरी काहीतरी उरतंच, हे पण सांगायला पाहिजे. शनिवारच्या त्याच ग्रुपला त्याच्याबरोबर वीसेक पोरं होती, ती सगळी काही अशी झाली नाहीत. काही डोकी खरंच वेगळी चालतात. नाही म्हणण्यात अर्थ नाही.

आता सरावाचं. यात लातूरवाल्यांना कुणी शिकवू नये. नव्वदच्या दशकात शाहू कॉलेज, दयानंद कॉलेज यांच्यामुळे बोर्डाच्या मेरिट लिस्टमध्ये लातूरची नावं दिसायला लागली आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर झाला, पुण्या-मुंबईबाहेरची, कोरडवाहू शेतकऱ्यांची लेकरं पण वर येऊ शकतात हे त्यानं दाखवलं, आणि याचं मोल मी इथं बसून कमी करणार नाही. बोर्डानं मेरिट लिस्ट बंद करून कितीतरी वर्षं झाली तरी चौकाचौकात फोटो आणि रँकचे फ्लेक्स आहेतच. मी बारावीला होते ते २०१६, म्हणजे मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली ते वर्ष. हॉस्टेलवर बादली मोजून मिळायची, अभ्यासिकेत मात्र खुर्ची मोकळी नसायची. टेस्ट, पेपर, चूक कुठं झाली, परत तोच टाइप, परत टेस्ट. त्यातून मला जी बैठक लागली ती आजही पुरतेय, चार तास खुर्चीतून न उठता बसणं इथल्या बऱ्याच पोरांना जमत नाही, मला काहीच वाटत नाही.

पण तो सराव होता ओळखण्याचा. इंटिग्रेशन बघितलं की हा कुठला टाइप ते पाच सेकंदात ओळखायचं आणि दोन मिनिटांत संपवायचं, तीन मिनिटं लागली तर सोडून पुढं जायचं, अडलेल्या प्रश्नावर बसून राहणं म्हणजे मूर्खपणा. परीक्षेसाठी हे बरोबरच होतं. इथं मात्र चार प्रश्नांचा टाइपच नसतो. पहिले दोन दिवस काहीच सुचत नाही आणि ते तसंच अपेक्षित असतं, प्रश्न काढणाऱ्यालाही माहीत असतं, आणि लातूरच्या सवयीनं मला पहिल्याच दिवशी वाटायचं की आपल्याला येत नाही, म्हणजे आपल्यात ते नाहीच. बाजूची जर्मन पोरगी पण काही न सुचता बसलेली असायची, फक्त तिला त्याचं काही वाटत नव्हतं, ती उठून कॉफी आणायची. अडकून राहायचा पण सराव असतो आणि तो तिनं शाळेपासून केला होता, मी कधीच नाही.

आणि मला राग येतो तो "सराव केला की जमतंच" या वाक्याचा. ऐकायला चांगलं आहे, कष्टाचं कौतुक वगैरे. पण दोन-दोन वर्षं ड्रॉप घेऊन, पहाटे चारला उठून, मेसच्या डब्यावर दिवस काढून ज्याचा नंबर लागला नाही त्या पोराला हे वाक्य काय सांगतं? की तूच कमी पडलास. 'रक्तात नाही' म्हणणारा निदान त्याच्यावर कामचुकारीचा आळ तरी घेत नाही. मी माझ्या बॅचची अशी पोरं बघितलीत, त्यांच्याइतका सराव मी केला नव्हता, खोटं कशाला बोलू. जागा किती आणि बसणारे किती हा साधा हिशोब कुणी मांडत नाही, सगळं खापर त्या एका लेकराच्या मेहनतीवर नाहीतर डोक्यावर.

माझी मोठी बहीण अंबाजोगाईला असते, तिचा पोरगा आठवीत आहे, फाउंडेशनच्या बॅचला जातो आणि टेस्टमध्ये पंचविसावा-तिसावा येतो, म्हणून घरात सुतक. मी त्याला शिकवत वगैरे नाही, व्हॉट्सॲपवर एखादं कोडं टाकते. आधी कापरेकरांचं टाकलं. द. रा. कापरेकर, नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत मास्तर होते, ना पीएचडी ना विद्यापीठात नोकरी, आयुष्यभर आकड्यांशी खेळत बसले, पुढं १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिल्यावर जगाला नीट कळले. चार अंकी आकडा घ्या, सगळे अंक सारखे नसलेला, उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करा, परत तेच करा. ३५२४ घेतला तर ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४, आणि तिथून पुढं कितीही करा, ६१७४ च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळे तिथंच येतात. पोरानं रात्री वहीची पाच पानं भरवली, कुठला आकडा निसटतोय का बघायला.

मग दुसरं टाकलं. १ ते १०० मधले कुठलेही ५१ आकडे उचल, त्यात दोन तरी असे असतातच ज्यांचा मसावि १ आहे, का? दोन-तीन दिवस काही आवाज नाही. मग व्हिडिओ कॉल.

"मावशी, झालं की ते."

"कसं केलास?"

"आधी दहापर्यंतच घेतलो. सहा उचलायचे. सगळे सम घ्यावं म्हणलं तर पाचच हायत, मग सहावा विषम घ्यावा लागला अन् तो मधी घुसला. मग म्हणलं जोड्याच करू, एक-दोन, तीन-चार, अशा शंभरपर्यंत पन्नास जोड्या. एक्कावन उचलायचे म्हणल्यावर एका जोडीतले दोन्ही येणारच की. अन् शेजारच्या आकड्यांचा मसावि एकच असतो."

मागून त्याच्या आईचा आवाज, "बाकीच्या पोरांला किती वेळ लागतो गं याला?"

आता हे कोडं मी मुद्दाम निवडलं होतं. पॉल एर्डोश नावाचे हंगेरीचे मोठे गणिती, त्यांनी १९५९ मध्ये हाच प्रश्न लायोश पोशा नावाच्या बारा वर्षांच्या आतल्या पोराला जेवताना घातला होता. पोरगा सूप पीत होता, सूप संपवलं आणि म्हणाला, दोन शेजारी असतात. अर्ध्या मिनिटाचं काम. एर्डोश यांना स्वतःला ही सोपी सिद्धता सापडायला दहाएक मिनिटं लागली होती, हे त्यांनीच सांगितलंय. तो पोरगा पुढं जगातला सगळ्यात मोठा गणिती झाला असं वाटत असेल तर तसं काही नाही, त्यानं बराचसा जन्म शाळकरी पोरांना गणित शिकवण्यात घातला, शनिवार-रविवारची शिबिरं घेतली, तिथं पोरं एकेका प्रश्नावर निवांत डोकं घालून बसतात, कुणी उत्तर सांगत नाही.

हे बहिणीला सांगितलं असतं तर तिनं त्यातलं 'अर्धं मिनिट' एवढंच धरून ठेवलं असतं, म्हणून नाही सांगितलं. म्हणलं, काय माहीत बाई, कुणी मोजलंय. त्याचा टेस्टमधला नंबर काही सुधारला नाही, मागच्या टेस्टला एकतिसावा आला, त्यावर माझ्याकडं काही इलाज नाही आणि कोडी सोडवून रँक सुधारते असं मी कुणाला सांगणार पण नाही.

सध्या त्याला तेच ५१ आकडे परत दिलेत, पण आता दाखवायचंय की त्यात एक जोडी अशी असतेच जिथं लहान आकड्यानं मोठ्याला पूर्ण भाग जातो. इथं शेजाऱ्यांच्या जोड्या करून चालत नाही, त्याला ते कळलंय आणि तो चिडलाय. कुणाला उत्तर माहीत असलं तर कृपा करून अंबाजोगाईला पोचवू नका.