दुसऱ्यांचा पाऊस

जुलैत ताईकडं चिपळूणला जायचं म्हटलं की आई पिशवीत दोन वस्तू न विचारता भरते. एक बाजरीचं पीठ, कारण "तांदळाच्या भाकरीनं माणसाचं पोट भरत नसतंय." दुसरी घोंगडी. यंदाची घोंगडी कोरी होती. काळीभोर, चिंचोक्याची खळ दिलेली, पत्र्यासारखी ताठ. घडी घातली की आपोआप उघडायची. शेवटी सुतळीनं करकचून बांधली, काखेत मारली आणि पहाटे दहिवडीच्या स्टँडवर येऊन उभा राहिलो.

दहिवडीत पाऊस नव्हता हे वेगळं सांगायला नको. वारा होता. आमच्या माणदेशातला आषाढ म्हणजे नुसता वारा. पश्चिमेकडून ढग येतात, काळे, भरलेले, आणि आमच्या थांब्यावर न थांबणाऱ्या जलद गाडीसारखे डोक्यावरून पूर्वेला निघून जातात. पोरं वर बघतात. म्हातारी माणसं बघायचेही कष्ट घेत नाहीत. आमचा पाऊस खरा परतीचा, सप्टेंबर-ऑक्टोबरचा. आला तर. त्या पहाटे स्टँडवर माझ्या डोळ्यात धूळ गेली होती, आणि हातात छत्री होती. तीही लग्नात कुणीतरी आहेर म्हणून दिलेली. आमच्याकडं छत्री असते ती उन्हासाठी, आणि उन्हाला आम्ही टॉवेल वापरतो, म्हणून ती पाच वर्षं खिळ्याला नुसती टांगलेली.

एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. महाबळेश्वरही सातारा जिल्ह्यात आणि आमचं म्हसवडही सातारा जिल्ह्यातच. मध्ये अंतर शे-सव्वाशे किलोमीटर. तिकडं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पडतो, आमच्याकडं पाचशेच्या आसपास. सह्याद्रीला धडकून ढग वर चढतात, गार होतात, सगळं तिथंच ओततात आणि रिकाम्या हातानं आमच्याकडं येतात. शाळेत याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणायला शिकवलं. छाया हा शब्द तेव्हाही खटकला होता. आमच्याकडं छाया कुठली, बाभळीची काय ती.

तर आमच्या घरी पावसाळा असायचा तो पेपरात. वडील चहाबरोबर आकडे मोठ्यानं वाचायचे: कोयना इतका, नवजा इतका, महाबळेश्वर इतका. मग धरणात किती टीएमसी, म्हणजे किती अब्ज घनफूट पाणी झालं ते. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी हा आकडा मला पाढ्यांच्या आधी पाठ होता. नवजाला एका दिवसात दोनशे मिलिमीटर झाला की वडील "आरं तिच्या" म्हणायचे आणि कप खाली ठेवायचे. आमच्या अंगणात तेव्हा कोंबड्या धुळीत लोळत असायच्या. दुसऱ्यांच्या पावसाचा हिशेब इतक्या मन लावून ठेवणारी माणसं मी दुसरीकडं पाहिली नाहीत.

कराडला गाडी बदलली. तिथं भुरभुर सुरू झालेली. वडापाव खाल्ला, चहा घेतला, आणि चिपळूणच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश झालो. मल्हारपेठेपर्यंत खूश होतो. पाटण जवळ आलं तसा पाऊस अंगावर यायला लागला आणि खिडकीची जागा का रिकामी राहिली होती ते कळलं. काच खाली येत होती, पण शेवटची चार बोटं राहत होती. त्या चार बोटांतून पाणी नेमकं माझ्या डाव्या गुडघ्यावर. उजव्या गुडघ्यावर शेजारच्या आजोबांची छत्री. बसमध्ये भिजलेली छत्री कुठं ठेवावी याचं उत्तर माणसानं अजून शोधलेलं नाही. पायाशी ठेवली तर मोज्यात पाणी, मांडीवर ठेवली तर मांडीत, आणि समोरच्या दांडीला अडकवली तर वळणावळणाला पुढच्या माणसाच्या मानेत. आजोबांनी ती आपल्या आणि माझ्या पायांच्या मधोमध उभी धरली होती, आणि प्रत्येक खड्ड्याला ती माझ्याकडंच कलत होती.

मोजा ओला झाला की माणसाची अक्कल अर्धी होते हे माझं जुनं मत आहे. पूर्ण भिजलेला माणूस शांत असतो. त्याला आता आणखी काय होणार. पण एक मोजा ओला आणि एक कोरडा असेल तर त्याला दुसरं काही सुचत नाही. मीही पाटणपासून पुढं तो कोरडा मोजा वाचवण्यातच होतो, म्हणून वर फळीवर काय चाललंय तिकडं लक्ष गेलं नाही.

फळीवर छत गळत होतं. बरोबर घोंगडीवर. कोऱ्या घोंगडीत पाणी मुरलं की तिची खळ सुटते. चिकट, गढूळ पाणी, त्याला चिंचोक्याचा आणि मेंढराचा मिळून एक वास. ते पाणी फळीवरून ओघळून पुढच्या बाकावरच्या गृहस्थाच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडत होतं. त्यानं आधी मान पुसली, मग बोटांचा वास घेतला, मग वर पाहिलं, मग सगळ्या गाडीकडं.

"कुनाचं हाय हे?"

मी खिडकीबाहेर बघितलं. खोटं कशाला सांगू. बाहेर काही दिसतही नव्हतं. एरवी वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या दिसतात, त्या दिवशी रस्त्याकडेचा दगडसुद्धा धुक्यात होता. शेवटी आजोबाच बोलले. "नवी हाय. खळ काढून आनाय पायजे हुती." मग माझ्याकडं वळून, अगदी हळू, "माणदेशाकडलं का?" मी मान हलवली. "मग बरुबर," म्हणाले. त्यात माफी होती की निकाल, मला कळलं नाही. मी उठून घोंगडी खाली घेतली, त्या गृहस्थाची माफी मागितली, आणि पुढचा सगळा प्रवास ती मांडीवर घेऊन केला. दुसरा मोजाही गेला. तेव्हा खरं सांगायचं तर बरं वाटलं.

हेळवाक गेलं, कोयनानगर गेलं. वडिलांच्या पेपरातली गावं अशी खिडकीतल्या चार बोटांतून आत येत होती. नवजा इथून आत, धरणाच्या बाजूला. घाटमाथ्यावर गाडी थांबली तेव्हा पाय मोकळे करायला उतरलो आणि आहेराची छत्री उघडली. म्हणजे ती उघडली नाही, फुटली. पाच वर्षांच्या गंजलेल्या काड्या, त्यात कुंभार्लीचा वारा. एका झटक्यात ती उलटी होऊन कमळासारखी आभाळाकडं तोंड करून उभी राहिली आणि तिच्यात पाणी साठायला लागलं. चहाच्या टपरीवाला हसला नाही. त्याला हे रोजचं असणार.

मग आजोबांनी सुतळी सोडली, घोंगडीचं एक टोक आत दुमडून खोळ केली आणि माझ्या डोक्यावर घातली. वीस वर्षांपूर्वी आमच्याकडचे मेंढके अशी खोळ घेऊन कोकणाकडं उतरताना बघितले होते. मी पँट-शर्टात खोळ घेऊन चहा प्यायलो. दोन पर्यटक पोरांनी माझा फोटो काढला. असेल कुठंतरी.

घाट उतरताना पोफळी लागते. तिथं डोंगराच्या पोटात वीजघर आहे. कोयनेचं पाणी बोगद्यातून इकडं पश्चिमेला आणून पाडतात, वीज करतात, आणि ते पाणी पुढं वाशिष्ठीला मिळून समुद्राला जातं. वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीपर्यंत. वीज सगळ्या महाराष्ट्राला लागते, मलाही लागते, हा फोन तिच्यावरच चालतो. पण कृष्णेच्या खोऱ्यात पडलेलं, नीट वागलं असतं तर कराडला येऊन पूर्वेकडं आलं असतं असं पाणी उलट्या दिशेनं जाताना माणदेशी माणसाच्या पोटात थोडं तुटतं. वडील या जागी आले की गप्प होत.

ताईकडं पोचलो तेव्हा तिनं आधी घोंगडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाली, "ही वाळायची नाही हां." हे 'हां' तिला चिपळूणनं दिलं. दाजी तिथल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहेत. घाटावरून कोकणात आलेले असे मास्तर तिथं गावोगावी सापडतात. ताईला तिथं बारा वर्षं झाली, आणि ती आता पावसाबद्दल तिथल्यासारखी तक्रार करते. मिठाच्या बरणीत पाणी सुटलंय. पापड हाताला चामड्यासारखा लागतो. काडेपेटी सकाळी गॅसजवळ ठेवावी लागते. कपड्यांना कुबट वास. चपलेवर पांढरी बुरशी. बाथरूममध्ये रोज दोन पैसे, म्हणजे ते गोल वेटोळं करणारे किडे, आणि भिंतीवर एक गोगलगाय, जिला भाच्यानं नाव ठेवलंय. घरात दोन खोल्यांत पाच दोऱ्या. डोक्याला कुणाची तरी ओली बाही लागल्याशिवाय स्वयंपाकघरात जाता येत नाही.

तिची यादी ऐकताना मला मजा वाटत होती, आणि थोडा धक्काही. आमच्या घरात पावसाला नावं ठेवणं म्हणजे अन्नाला नावं ठेवणं. लहानपणी खेळ बुडाला म्हणून मी एकदा "मेला पाऊस" म्हणालो होतो, तर आजीनं तोंडावर मारलं होतं.

२२ जुलै २०२१ ला, चिपळूणच्या पुरात, ताई-दाजी तळमजल्यावर राहत होते. पहाटे पाणी आलं. घाटात धो धो, खाली वाशिष्ठी फुगलेली, आणि खाडीला भरती असली की पाण्याला जायला वाट नसते. दाजी पोराला खांद्यावर घेऊन गच्चीवर गेले. ताईचं शिलाई मशीन, गादी, दाजींची पुस्तकं, सगळं चिखलात. आता ते वरच्या मजल्यावर राहतात. खालच्या जिन्याच्या भिंतीवर घरमालकानं रंग देताना पाण्याची रेघ तेवढी सोडली आहे. ती माझ्या डोक्याच्या वर आहे. त्या दिवसाबद्दल ताई बोलत नाही. पाऊस जोरात लागला की दाजी उठून भरतीची वेळ बघतात, आणि ती मिठाच्या बरणीबद्दल बोलायला लागते.

रोज संध्याकाळी आईचा फोन.

"पडतुय का?"

"पडतुय."

"किती?"

आमच्याकडं पाऊस मिलिमीटरमध्ये विचारत नाहीत, पेपरातला सोडून. ओल किती गेली, वीतभर का बोटभर, ते विचारतात. तीन दिवस सलग कोसळणाऱ्या पावसात, चिपळूणच्या खिडकीत उभा राहून, मी या प्रश्नाचं काय उत्तर देणार होतो?

"ओढं वाहिलं का?" आईनं विचारलं.

"वाहिलं," मी म्हणालो.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. अगदी मनापासून. मला त्या वेळी माझे एकूण एक कपडे ओले आहेत, आतले धरून, आणि मी दाजींची लुंगी नेसून बसलोय, हे सांगायचं होतं. सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार?

चौथ्या दिवशी परत निघालो. घाट चढलो, पाटण गेलं, मल्हारपेठेला वायपर बंद झाला. कराडला रस्ता कोरडा. वडूज सोडलं आणि पुन्हा तो वारा, पुन्हा धूळ. पिशवीतली ओली कापडं आईनं घरी आल्याबरोबर तारेवर टाकली. मी हातपाय धुऊन येईपर्यंत मोजे वाळले होते. खडखडीत. मी ते हातात घेऊन जरा वेळ नुसता उभा होतो.

"घोंगडी कुठाय?" आईनं विचारलं.

"ताईकडं. दोरीवर हाय अजून."

"वाळंल की दोन दिसात."

"दसऱ्यापत्तुर वाळंल म्हणाली."

आईनं एकदा वर आभाळाकडं पाहिलं. ढग चालले होते, पूर्वेला.