जॉयस्टिक सोडली तरी फ्रेमला हिसका बसू नये म्हणून

कॅमेरा आडवा (पॅन) आणि वर-खाली (टिल्ट) फिरवणारं मोटरचं पॅन-टिल्ट हेड बनवून झालं, मोटर फिरायला लागली, आणि फुटेज बघितलं तर प्रत्येक पॅन सुरू होताना आणि थांबताना फ्रेमला हिसका! मला वाटलं बेल्ट सैल असेल, दोन दिवस स्क्रू आवळत बसलो, पण घोळ कोडमध्ये होता.

जॉयस्टिकचं रीडिंग मी थेट मोटरच्या स्पीडला जोडलं होतं. आर्डुइनो उनोवर (मोटर चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) ते 0 ते 1023 येतं, मध्ये 512 यायला पाहिजे पण माझी 505 ते 520 मध्ये कुठेही थांबते, त्यामुळे हात न लावताच कॅमेरा सरकत राहायचा. मग डेडझोन टाकला, मधल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना 30 पर्यंत सरळ शून्य. डेडझोन संपतो तिथून स्पीडसुद्धा शून्यापासूनच वाढवा हं, नाहीतर त्या कडेवर उडी बसते. नंतर आकडा उणे 1 ते 1 मध्ये आणून त्याचा घन केला, म्हणजे काठी अर्धी ढकलली तर स्पीड फक्त आठवा हिस्सा, हळू पॅन करायला बोटाला मस्त वाव मिळतो.

पण हिसका गेला तो वेगळ्याच गोष्टीने. जॉयस्टिकने फक्त टार्गेट स्पीड सांगायचा, खरा स्पीड वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवायचा आणि तो दर 5 मिलिसेकंदाला ठरलेल्या मापानेच टार्गेटकडे सरकवायचा, बस. काठी सोडली की स्प्रिंगमुळे ती फटकन मध्ये येते, कॅमेरा मात्र अलगद थांबतो. ब्रेकचं माप मी थोडं मोठं ठेवलंय, नाहीतर सब्जेक्ट मागे राहतो आणि फ्रेम पुढे निघून जाते.

अजून एक, माझी मोटर स्टेपर आहे, प्रत्येक पल्सला (विजेच्या छोट्या सिग्नलला) एक ठरलेली स्टेप फिरते; ते पल्स मेन लूपमधून, म्हणजे सतत फिरणाऱ्या मुख्य कोडमधून, देऊ नका. 200 स्टेपची मोटर, 16 मायक्रोस्टेपिंग (एका स्टेपचे 16 तुकडे), म्हणजे एका फेऱ्याला 3200; सेकंदाला एक फेरा धरला तर दोन पल्समध्ये जेमतेम 312 मायक्रोसेकंद मिळतात आणि त्यातले 100 च्या आसपास एका ॲनालॉग रीडिंगलाच जातात, वर सिरीयल प्रिंट (आकडे कॉम्प्युटरवर पाठवणं) टाकलं की मोटर खरखरलीच. पल्स टायमर इंटरप्टमध्ये (ठरल्या वेळी मुख्य कोड थांबवून चालणारा छोटा कोड) टाकले आणि आवाजच बदलला.

अगदी हळू पॅनला अजून त्रास होता, सेकंदाला 2 अंश म्हणजे जेमतेम 18 मायक्रोस्टेप, झूम केलं की एकेक दिसतो. तिथे कोडचं काही चालत नाही, 1:5 ची पुली लावली (मोटरचे पाच फेरे, हेडचा एक) तेव्हा ते 18 चे जवळपास 90 झाले.