दाराची फट

ड्रायव्हरचं दार लागेना. म्हणजे लागतं, पण शेवटी कमरेचा धक्का द्यावा लागतो. परवापर्यंत नुसतं बोट लावलं तरी खट् करून बसायचं.

फटीत ड्रिल बिट घालून मोजलं. मागच्या कडेला खाली 6 मिलिमीटर, वर जेमतेम साडेचार. केज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्या माणसाला वाचवणारा पाइपांचा सांगाडा, जोडण्याआधीचे आकडे मास्किंग टेपवर अजून तसेच आहेत: वर 6, खाली 6. दीड मिलिमीटरसाठी झोप उडावी, हेही जरा अतीच.

कारण सापडायला वेळ लागला नाही, तेच जास्त लागलं. दारातल्या तिरक्या पाइपाचं खालचं तोंड. होल सॉने, म्हणजे गोल भोक पाडणाऱ्या करवतीने, माशाच्या तोंडासारखी खाच घेताना कोन दोनेक अंश चुकला आणि केजच्या पुढच्या पायाला टेकवल्यावर एका अंगाला 3 मिलिमीटर फट राहिली. दिसली होती. दिसली होती, तरी वेल्डिंगची वायर ओतून भरली. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं. जितकं जास्त ओताल तितकं ते ओढतं. तिरका पाइप ओढला गेला, त्याने मेन हूप, म्हणजे सीटमागची मोठी कमान, पुढे खेचला, आणि हूप बी-पिलरला, म्हणजे दार ज्याला लागतं त्या खांबाला, आधीच पट्ट्यांनी जोडलेला, मग पिलरही निघाला सोबत.

अवघड होतं ते सगळं नीट झालं, याचाच राग येतो. मोटार शर्यतींचे नियम करणाऱ्या एफआयएच्या परिशिष्ट ‘जे’प्रमाणे मेन हूपला 45 मिलिमीटर व्यासाचा, 2.5 जाडीचा सीमलेस (बिनजोडाचा) पाइप, बाकीला 38 बाय 2.5. पायांखाली 3 मिलिमीटरच्या प्लेटा, प्रत्येकी किमान 120 चौरस सेंटिमीटर. वेल्ड पाइपाच्या पूर्ण घेराला हवा, आणि छताच्या पत्र्याआड तर वेल्डिंगचा टॉर्च शिरत नाही. म्हणून पायांच्या जागी फ्लोअरला भोकं पाडून अख्खा केज खाली सोडला, वरचे जोड वेल्ड केले, परत उचलला आणि मग भोकांवर पायांखाली पेट्या बसवल्या. 0.8 मिलिमीटरचा पत्रा 3च्या प्लेटला जोडताना आर्क प्लेटवर धरून पत्र्याकडे नुसता झुकवायचा, नाहीतर भोक पडतं. एकही पडलं नाही. आणि जिथे टॉर्च सरळ पोचत होता, उजेड होता, बसायला स्टूलसुद्धा होतं, तिथे घाण केली. दिसली होती.

दादा आला, दोनदा दार लावून बघितलं आणि काही न बोलता गेला. बोलला असता तर बरं झालं असतं. असो.

संध्याकाळभर वाटत होतं की हे आपलं काम नव्हेच, पुढे इंजिन माउंट आहेत, तिथे काय दिवे लावणार. मग चहा झाल्यावर जरा हसू आलं. गाडी अजून रंगलेली नाही, काच बसलेली नाही, आणि कापायचा आहे एक पाइप. स्ट्रायकर, म्हणजे दाराचं कुलूप ज्यात अडकतं तो खुंटा, सरकवून दार भागवता येईल, तपासणीत दाराची फट कुणी मोजत नाही. पण भरलेल्या जोडाच्या मुळाशी धातू एकजीव झालाय की वरवर साय धरलीय, हे बाहेरून सांगता येत नाही, आणि तो पाइप आहे ड्रायव्हरच्या कुशीला.

तेव्हा उद्या कापायचा. नवा पाइप, कागदाची पट्टी गुंडाळून खाचेची आखणी, कानशीने घासत फट मिलिमीटरच्या आत. टॅक, म्हणजे ठिपक्याएवढे तात्पुरते वेल्ड, मारताना दारं बंद. चार टॅक समोरासमोर, मग पाव घेर, हात टेकवता येईल इतका निवू द्यायचा, मग समोरचा पाव.

कापताना चीर रुंदावली तर ओढ तिथलीच. नाही रुंदावली, तर संशय छताकडच्या जोडांवर जाणार, आणि केज परत खाली सोडायचा म्हणजे त्या सगळ्या पेट्या... नको. आधी कापू.