विनय गायतोंडे नावाचं इथं कुणी नाही

१४ जानेवारी, रात्री साडेअकरा

घरात विज्ञानकथा वाचणारी आजवर मी एकटीच होते. आता दोघी झालो. लेक अकरावीत आहे आणि तिच्या एनसीईआरटीच्या इंग्रजीच्या पुस्तकात जयंत नारळीकरांची एक कथा आहे, ‘द अ‍ॅडव्हेंचर’. संध्याकाळी मी तिळाच्या वड्या थापत होते, ती ओट्याशी उभी राहून मोठ्यानं वाचत होती. जिजामाता एक्स्प्रेस हे नाव कानावर पडलं आणि माझा हात थांबला. आपले गंगाधरपंत! ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. आणि तेही आज, १४ जानेवारीला. पानिपतची लढाई झाली ती १७६१ सालच्या याच तारखेला.

धाकटा भाऊ गेला त्या वर्षी ही कथा मी पुन्हापुन्हा वाचली. दुसरं काही वाचवतच नव्हतं. पेपरातली बातमी अर्ध्यावर सुटायची, कादंबरीतली घरं आणि माणसं नकोशी व्हायची, कारण कुठल्याही घरात एक भाऊ असायचाच. चालायचं ते फक्त या जगाबाहेरचं. दूरचे तारे, परग्रहावरून आलेले संदेश, काळात मागेपुढे जाणारी माणसं. आत्या एकदा म्हणाली, “असल्या गोष्टी वाचून दुःखापासून पळता येतं का?” मी काही बोलले नाही. पुढे कधीतरी कळलं की ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किननं १९३९ साली परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात याचं उत्तर देऊन ठेवलंय. कैद्यानं तुरुंगातून सुटायची धडपड करणं वेगळं आणि शिपायानं रणांगणातून पळ काढणं वेगळं, लोक या दोन्हींची गल्लत करतात, असं तो म्हणतो. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, सोमच्या लढाईतल्या खंदकांत तो स्वतः होता. त्याचे जिवलग मित्र त्या महायुद्धात गेले. तो हे म्हणतो तेव्हा मला ते पटतं.

पण मला आधार मिळाला तो गंगाधरपंतांकडून.

कथा अशी. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे यांची ट्रकशी टक्कर होते आणि ते वेगळ्याच हिंदुस्थानात जाऊन पोचतात. तिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलंय. पुण्याहून मुंबईला जाताना सरहद्द नावाच्या स्टेशनात परवाने तपासले जातात, कारण पुढची मुंबई इंग्रजांच्या ताब्यात आहे. डब्यांवर युनियन जॅक आहे. पंत टाऊन हॉलच्या ग्रंथालयात बसून इतिहासाचे खंड चाळतात आणि त्यांना ती जागा सापडते, जिथे दोन जगांचे रस्ते वेगळे होतात. आपल्या इतिहासात विश्वासरावांना गोळी लागली, ते पडले आणि सैन्याचा धीर सुटला. त्या जगाच्या बखरीत गोळी कानाला चाटून गेली. तिळाएवढा फरक.

धाकट्याच्या अपघातानंतर भेटायला आलेला प्रत्येक माणूस एकच सांगायचा. त्याचं आयुष्यच तेवढं होतं. देवाच्या मनात तसंच होतं. जे व्हायचं ते चुकत नाही. सगळे प्रेमानंच बोलत होते, पण माझा श्वास कोंडायचा. घाटातलं ते वळण, तो टेम्पो, ओला रस्ता, हे सगळं आधीच ठरलेलं होतं? मग त्यानं आदल्या दिवशी नव्या बुटांची घासाघीस केली होती ती कशाला? नारळीकरांची कथा सांगत होती की नाही, काहीही ठरलेलं नव्हतं. तो चहाला आणखी थोडा थांबला असता, तर आला असता घरी. हे वाचून मला बरं वाटायचं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. ‘जर’ म्हटलं की आई कानांवर हात ठेवायची. नारळीकर त्या ‘जर’ला चक्क बसायला पाट देत होते, आणि सोबत पदार्थविज्ञानही. कथेतला राजेंद्र देशपांडे गंगाधरपंतांना समजावतो की इलेक्ट्रॉन नेमका कुठे सापडेल हे आधी ठामपणे सांगता येत नाही, सांगता येतात त्या शक्यता, आणि प्रत्येक शक्यतेचं एक वेगळं विश्व असू शकतं. अनेक विश्वांची ही कल्पना ह्यू एव्हरेट या तरुण अमेरिकन संशोधकानं १९५७ साली मांडली होती. ती खरी की खोटी याचा निकाल अजून लागलेला नाही. मला निकाल नकोच होता. एका शहाण्या, हिशेबी माणसानं ही शक्यता गंभीरपणे घेतली, एवढं मला पुरत होतं.

त्या कथेत एक छोटा प्रसंग आहे. पहिल्या काही वाचनांत मी तो भरभर ओलांडून गेले होते. पंत मुंबईत उतरतात ते फोर्ब्जच्या कचेरीत जातात. त्यांचा मुलगा विनय तिथे नोकरीला आहे, म्हणजे आपल्या जगात आहे. चौकशीच्या खिडकीतली बाई टेलिफोनची यादी बघते, नोकरांची नोंद बघते, बाकीच्या शाखांच्याही याद्या बघते. या नावाचं कुणी नाही, म्हणते. पंत पुढे ग्रंथालयात जातात. नारळीकर त्यावर एक शब्दही जास्त खर्च करत नाहीत.

जिथे पानिपत जिंकलंय तिथे विनय सापडत नाही.

हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा माझ्या पोटात लेक होती. तिचा बाबा म्हणजे धाकट्याचा मित्र. अपघातानंतर तो दर रविवारी सांगलीला आमच्याकडे यायचा, आईबाबांची औषधं आणून द्यायचा, बाबांशी क्रिकेटवर बोलत बसायचा. मी तेव्हा बंगळुरूची नोकरी नाकारून घरी थांबले होते. धाकटा असता तर मी बंगळुरूला गेले असते, आणि तो दर रविवारी आलाच नसता. इतका सरळ हिशेब. त्या रात्री मी खूप रडले, पण बऱ्याच महिन्यांनी शांत झोपही लागली. मनात मी रोज ज्या दुसऱ्या जगाचं दार वाजवत होते, तिथेही चौकशीच्या खिडकीतून कुणीतरी मला सांगणारच होतं की या नावाचं इथं कुणी नाही.

नंतर टेड चियांग या अमेरिकन विज्ञानकथाकाराची १९९८ सालची ‘स्टोरी ऑफ युअर लाइफ’ वाचली. त्यातली आई परग्रहवासीयांची भाषा शिकते आणि तिला पुढचं आयुष्यही आठवायला लागतं, मुलीचा मृत्यूसुद्धा. तरी ती मुलीला जन्म देते. प्रकाश कमीत कमी वेळाचा मार्ग धरतो, जणू पोचायचं कुठे हे त्याला आधीच ठाऊक असतं. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचं हे तत्त्व चियांग त्या आईच्या गोष्टीत असं विणतो की मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. पण ती कथा आवडली तरी गंगाधरपंतांची जागा तिला देता येत नाही. त्या आईला सगळं आधीच कळलंय. मला कळलं नव्हतं, आणि पंतांनाही नाही.

आज लेकीनं धडा संपवला, वडीचा एक तुकडा तोंडात टाकला आणि विचारलं, “आई, विनय का नाही सापडत? त्याचं पुढे काहीच नाही.”

मी म्हटलं, “तुला काय वाटतं?”

“इतिहास बदलला की माणसं वेगळी भेटणार. मग लग्नंपण वेगळी होणार. तो जन्मलाच नसेल.” ती क्षणभर थांबली. “मग मामा असता तर मीपण नसते?”

ही गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती. बाबा आणि मामा मित्र होते एवढंच तिला ठाऊक होतं. मी हो म्हटलं. रविवार, औषधं, बंगळुरू, सगळं सांगितलं. तिनं मध्ये कुठेही ‘अरे बापरे’ केलं नाही, सांत्वन केलं नाही. फक्त विचारलं, मामाला विज्ञानकथा आवडायच्या का? नाही, म्हटलं, त्याला शेरलॉक होम्स आवडायचा. तिला ते जरा खटकलं.

मग तिनं विचारलं की राजेंद्र म्हणतो ती कॅटॅस्ट्रॉफी थिअरी खरी आहे का. खरी आहे, गणितातली आहे, रेने थॉम या फ्रेंच गणितज्ञाची, लहानशा बदलानं अचानक मोठी उलथापालथ कशी होते ते सांगणारी, एवढं मी सांगू शकले. पुढचं दोघी मिळून शोधायचं ठरलंय. कथा मराठीतूनही वाचायची आहे म्हणाली. माझं पुस्तक सांगलीला माळ्यावर आहे. उद्या आईला फोन करून काढून ठेवायला सांगते. कशाला हवंय हे ती विचारेल, तेव्हा या वेळी सरळ सांगणार आहे.