लाव्हाची पूररेषा

कोल्हापुरात बसून ज्वालामुखीवर लिहितोय म्हटलं की लोक विचारतात, आपल्याला काय त्याचं. खरंय, भारतात जागृत ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट, आणि तिथं वस्तीच नाही. पण पन्हाळ्याच्या माथ्यावरचा जांभा सोडला तर खालचा सगळा काळा दगड म्हणजे साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी वाहत आलेला लाव्हाच आहे, थरावर थर. आणि 2019 चा महापूर बघितलेल्या माणसाला "कुठवर येणार?" हा प्रश्न काय असतो ते वेगळं सांगायला लागत नाही. लाव्हाचं सिम्युलेशन करणारे, म्हणजे तो कसा वाहील ते संगणकावर मांडून बघणारे, तोच प्रश्न सोडवत असतात, फक्त वाहणारी गोष्ट हजार-अकराशे डिग्रीची असते.

माझं रोजचं काम जीआयएसचं, नकाशे आणि उंचीचा डेटा, त्यामुळं ह्या विषयात शिरलो आणि अडकलोच.

पाणी शेवटपर्यंत पाणीच राहतं, लाव्हा तसा राहत नाही, खरी गंमत इथं आहे. गुऱ्हाळावर काहिलीतला पाक वाफ्यात ओततात तेव्हा बघा, आधी सरसर पसरतो, मग कडेनं घट्ट व्हायला लागतो आणि थोड्या वेळानं ढकलला तरी हलत नाही. लाव्हाचंही तसंच, वरून उष्णता जाते, दाटपणा वाढतो, आणि तापमान एका मर्यादेखाली गेलं की उतार असला तरी तो जागचा सरकत नाही. म्हणून मॉडेलला नुसता उतार देऊन भागत नाही, तापमानाचा हिशोबही ठेवावा लागतो. इटलीत कातानियाच्या संस्थेनं एटना ज्वालामुखीसाठी केलेलं मॅगफ्लो नावाचं मॉडेल असंच चालतं, सगळी जमीन चौकटींत वाटायची, प्रत्येक चौकटीत लाव्हा किती जाड आणि किती गरम ते ठेवायचं, मग प्रत्येक पायरीला शेजारच्या चौकटीत किती जाईल ते काढायचं, आणि जो थिजला तो जमिनीत धरायचा, म्हणजे पुढचा लाव्हा त्याला वळसा घालून जातो.

डाऊनफ्लो नावाची दुसरी पद्धत एकदम साधी आहे आणि मला तीच जास्त आवडते. तिथं तापमान वगैरे काही नाही, फक्त सगळ्यात तीव्र उताराची वाट धरायची, पण प्रत्येक वेळी जमिनीची उंची थोडी थोडी इकडंतिकडं हलवून, असं हजारो वेळा. ज्या चौकटीतून जास्त वाटा गेल्या तिथं धोका जास्त. एक रेघ मिळत नाही, शक्यता मिळते.

आणि माझं म्हणणं एवढंच आहे की लोकांपर्यंत ही शक्यताच गेली पाहिजे, "लाव्हा इथून जाणार" अशी एक ठळक रेघ नको.

कारण दोन गोष्टी आधी कुणालाच पक्क्या सांगता येत नाहीत. एक, तोंड कुठं फुटणार. आइसलँडमध्ये ग्रिंडाविक गावाभोवती मातीदगडाचे बांध घातले होते, 14 जानेवारी 2024 ला उद्रेक झाला तेव्हा त्या बांधांनी बराचसा लाव्हा वळवला, पण थोड्या वेळानं बांधाच्या आतच, गावाला लागून दुसरी भेग उघडली आणि तीन घरं गेली. लोकांना आधीच बाहेर काढलं होतं म्हणून माणसं वाचली. दुसरी गोष्ट म्हणजे लाव्हा किती वेगानं बाहेर पडतोय. जॉर्ज वॉकर ह्या ज्वालामुखीतज्ज्ञानं 1973 मध्येच दाखवलं होतं की प्रवाह किती लांब जाईल ते बऱ्याच अंशी ह्या वेगावर ठरतं. आता उपग्रह वरून उष्णता मोजतात, त्यावरून हा वेग काढतात आणि उद्रेक चालू असतानाच मॉडेल परत परत चालवतात. हवाईत किलाउएया ज्वालामुखीला 2018 मध्ये सुरुवातीचा लाव्हा जुना, दाट, हळू सरकणारा होता आणि मे महिन्याच्या मध्यानंतर ताजा, गरम, पातळ लाव्हा यायला लागला. म्हणजे पहिल्या आठवड्याचे आकडे तसेच पुढं वापरले असते तर अंदाज साफ चुकला असता. शेवटी त्या उद्रेकात 700 पेक्षा जास्त बांधकामं गेली.

क्यूजीआयएस ह्या नकाशाच्या सॉफ्टवेअरला जोडायचं क्यू-लाव्हा नावाचं फुकट प्लगइन मिळतं, ते मी काँगोतल्या न्यीरागोंगो ज्वालामुखीवर चालवून बघितलं. खाली गोमा शहर आहे, लाखो लोक राहतात, आणि तिथला लाव्हा इतका पातळ की 1977 मध्ये मुखातला अख्खा लाव्हातलाव तासाभरात रिकामा झाला होता. तोंडाची जागा तीच ठेवून फक्त प्रवाहाची जाडी वाढवली तर आधी एका बुटक्या उंचवट्याला अडणारा लाव्हा तो ओलांडून थेट पलीकडच्या ओढ्यात उतरला, धोक्यातली वस्तीच बदलली. हे स्क्रीनवर बघताना पोटात गोळा येतो खरंच, कारण त्या चौकटींत घरं आहेत.

मी वापरलेला उंचीचा डेटा एसआरटीएमचा, फेब्रुवारी 2000 मध्ये स्पेस शटलवरून रडारनं मोजलेला. जानेवारी 2002 मध्ये न्यीरागोंगोचा लाव्हा गोमात शिरला, त्या उद्रेकासाठी तो अगदी बरोबर. पण मे 2021 च्या उद्रेकासाठी तोच वापरला तर 2002 चा थिजलेला लाव्हा त्यात नाहीच, जमीनच जुनी. आपल्याकडं पंचगंगेच्या काठावर भराव पडला, रस्ता उंच झाला की जुन्या नकाशावर पाण्याचा हिशोब जुळणार नाही, तसंच हे. तिथं काम करणाऱ्यांनी प्रत्येक उद्रेकानंतर जमीन नव्यानं मोजली पाहिजे, आणि त्यासाठी पैसे मिळाले पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडं पूररेषेत निळी आणि लाल अशा दोन रेषा असतात, आणि लाल रेषेच्या एक फूट बाहेरचा माणूस निवांत झोपतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा, 43 ला धोका, हे मात्र पोराटोरांनाही पाठ असतं, कारण पावसाळ्यात पाण्याच्या पातळीचा आकडा रोज बदलतो आणि रोज कळतो. लाव्हाच्या नकाशाचंही असंच व्हायला हवं, आज ह्या गल्लीला किती शक्यता आहे, काल किती होती, असं.

कुणाला करून बघायचं असेल तर तोंड म्हणून एकच टिंब देऊ नका, भेगेची अख्खी रेघ द्या, आणि जाडी बदलून बदलून चालवा. लॅपटॉप जुना असेल तर क्षेत्र लहान घ्या, नाहीतर रात्रभर चालत बसतंय.