छत उघडणारी जुनी गाडी, घ्यावी की नाही

पहिला मोठा पाऊस पडून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती गाडी बघायला गेलो. मुद्दाम तोच दिवस धरला होता, कारण छत उघडणारी जुनी गाडी उन्हाळ्यात बघितली तर चांगलीच दिसते, तिचं खरं काय ते पावसानंतर कळतं. गाडी छत्रपती संभाजीनगरला, मी जालन्यात, म्हणजे तासाभराचा रस्ता. दोन सीटची, 2011 ची, जर्मन, तीन लिटरचं सहा सिलेंडरचं इंजिन, छत पत्र्याचं, बटण दाबलं की दोन तुकड्यांत घडी होऊन डिक्कीत जाऊन बसतं. चाललीय फक्त 31 हजार किलोमीटर. मालक 19 लाख म्हणतोय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे दोष सांगणारे ते त्या एका गाडीतले आहेत, त्याचा बोल कंपनीला नको.

मला ही गाडी का पाहिजे ते आधी सांगतो, कारण घरी सगळ्यात जास्त विचारलं गेलं ते हेच. लहानपणी परतूरकडच्या आमच्या गावातून कापूस विकायला जालन्याला यायचा, ट्रॅक्टरची ट्रॉली रात्री निघायची म्हणजे पहाटे नंबर लागतो, आणि दादा मला वर कापसावर झोपवायचे, अंगावर वाकळ. डोळे उघडले की सरळ वर आभाळ, मधेच रस्त्याकडेच्या लिंबाच्या फांद्या अंगावरून सरकल्यासारख्या जायच्या, डिझेलचा आणि कापसाचा एक वास मिसळून यायचा. आज माझ्याकडं एसीची गाडी आहे, धंद्यानिमित्त महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर पडतात, पण प्रवासात आभाळ दिसलं असं त्यानंतर कधी झालं नाही. सनरूफवाली घेऊन बघितली होती मित्राची चार दिवस, त्यात ते नाही, खिडकी वर नेऊन ठेवल्यासारखं वाटतं.

आता या प्रकारच्या गाड्या आपल्याकडं मुळातच कमी. माझदाची एमएक्स-5, जी 1989 पासून जगात गाजली आणि जिची दहा लाखाच्या वर गाडी बनली, ती आपल्याकडं कंपनीनं कधी विकलीच नाही. आपली अशी म्हणावी तर सॅन स्टॉर्म होती, गोव्यात बनायची, फायबरची बॉडी आणि रेनोचं छोटं 1.2 लिटरचं इंजिन, पण ती आता दिसली तरी सामान मिळायची मारामार. ऑडीची ए3 कॅब्रिओले आली होती कापडी छताची, चार सीटची, तीही विचारात घेतली, पण माझ्या बजेटात जी सापडली तिचं कापड मागच्या काचेजवळ विरलेलं होतं आणि आपल्या उन्हात कापडाचं मला भ्याव वाटतं. म्हणून पत्र्याचं छत. पत्र्याचा तोटा असा की घडी होऊन ते डिक्की खातं, छत उघडलं की मागं एक बॅग आणि एक पिशवी एवढीच जागा उरते, आणि यंत्र जास्त, म्हणजे बिघडायच्या जागा जास्त.

ते यंत्र बघायलाच मिस्त्रीचाचांना सोबत नेलं. संभाजीनगरात या गाड्यांची माहिती असणारे मिस्त्री मिळतात ही एक मोठी सोय आहे, 2001 पासून जवळच शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना, मग ऑडीचा, आणि 2010 मध्ये तर शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन एकदम 150 मर्सिडीज घेतल्या होत्या, त्यामुळं स्कॅनर असलेली, जर्मन गाड्यांवर हात बसलेली माणसं इथं तयार झाली. जालन्यात किंवा परभणीत ही गाडी बंद पडली तर मला ट्रकवर घालून संभाजीनगरलाच आणावी लागेल, हे मी हिशोबात धरलंय.

चाचांनी इंजिनाकडं बघितलंच नाही आधी. सरळ डिक्की उघडली, खालचा गालिचा उचलला आणि तळहात दाबून धरला. हात वर घेतला तर ओला. "भाऊ, पाणी आत येतंय," म्हणले, आणि मालकाचा चेहरा उतरला, त्यालाही खरंच माहीत नव्हतं असं मला वाटलं. या गाड्यांना छताच्या कडेनं पन्हाळीसारखी खाच असते, पावसाचं पाणी त्यात जमतं आणि कोपऱ्यातल्या बारीक भोकातून नळीनं खाली रस्त्यावर जातं. ती नळी तुंबली की पाणी जाणार कुठं, ते डिक्कीत उतरतं, आणि छत हलवणारा हायड्रोलिक पंप, त्याची मोटर, वायरी हे सगळं तिकडंच मागं बसवलेलं. चाचांनी गवत कापायच्या मशिनला लागते तसली नायलॉनची दोरी घेतली, मऊ, म्हणजे नळी फाटत नाही, आणि हळूहळू आत सारली. वीतभर गेली आणि अडली. मग फिरवत फिरवत बाहेर काढली तर तिच्या टोकाला काळा गाळ, त्यात लिंबाच्या काड्या, अर्धी कुजलेली लिंबोळी आणि कापसासारखं काहीतरी पांढरं. गाडी तीन वर्षं लिंबाखाली उभी होती. सावलीत ठेवली, काळजीनंच ठेवली, पण ती सावलीच नळीत गेली.

मोटर अजून चांगली आहे. छत तीन वेळा उघडून मिटवून बघितलं, मोबाईलवर वेळ लावला, 20 सेकंदाच्या आसपास लागायला पाहिजे ते 26 लागले, डावीकडं एक क्षण थांबतं. चाचा म्हणले छताच्या पंपाचं तेल तपासू, छत उचलणारं एखादं सिलेंडर झिरपत असेल तर आत्ताच दिसेल, मग पुढचा अर्धा तास ते टॉर्च घेऊन मागं वाकून होते, तेलाचा थेंब कुठं नाही, रबरं मात्र वाळलेली, नखानं दाबलं तर बारीक चिरा दिसतात. आपलं ऊन आहे हे, 42-43 डिग्रीत रबर किती टिकणार.

कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी हे मी तरी आता मानत नाही. टायर बघा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष, या गाडीवर 2214 आहे, म्हणजे 2014 सालचा बाविसावा आठवडा. नक्षी जवळजवळ नवी, पण रबर दगडासारखं. असल्या टायरवर समृद्धीवर काँक्रिटवर 120 नं भर दुपारी गेलो तर काय होईल ते सांगायला नको, त्या रस्त्यावर टायर फुटून झालेले अपघात आपण सगळ्यांनी वाचलेत. वर हे रनफ्लॅट टायर, स्टेपनी नाहीच गाडीत, हवा गेली की 80 च्या स्पीडनं साधारण 80 किलोमीटर जायचं आणि तेवढ्यात दुकान गाठायचं. चारी टायर बदलायचे म्हणजे लाखाच्या आसपास गेले.

कागदांचं मला वाटलं होतं त्यापेक्षा जड निघालं. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, येत्या डिसेंबरात या गाडीची 15 वर्षं भरतात. त्यानंतर फिटनेस करून 5 वर्षांनी वाढवायची. साध्या कारला त्याची फी 5 हजार, पण ही गाडी तयार होऊन बाहेरून आलेली, इम्पोर्टेड, तिला 2022 च्या एप्रिलपासून 40 हजार आहे, शिवाय पर्यावरण कर वेगळा. जाहिरातीत हे कुणी लिहीत नाही. 10 वर्षांवरच्या गाडीला बँकही सहसा हात लावत नाही, म्हणजे सगळे पैसे रोख उभे करा. आणि विम्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घेतली, छताची मोटर आपोआप जळाली तर विमा देत नाही, विमा अपघाताचा, बिघाडाचा नाही, आणि अपघातातसुद्धा रबर-प्लास्टिकच्या भागाचे निम्मे पैसे कापले जातात. म्हणून दोन लाख बाजूला ठेवायचे फक्त छतासाठी, आणि ते नसतील तर गाडी घ्यायचीच नाही, हे मी स्वतःशी ठरवलं.

हे सगळं घरी सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, पैशाचं राहू द्या, आपण चौघं आणि सीटा दोन, लेकरांना काय सांगणार?" याचं उत्तर माझ्याकडं लगेच नव्हतं. दोन दिवस त्यावर बोलणं चाललं, शेवटी तिनंच तोडगा काढला की एका रविवारी पोरगा, एका रविवारी पोरगी, त्या दिवशी बाप त्यांचा एकट्याचा. खरं सांगतो, मला हे सुचलं नव्हतं, आणि त्यानंतर मला ही गाडी जास्तच पाहिजे वाटायला लागली. आईनं एकच विचारलं, "काहून रे, मला बसता येईल का त्याच्यात?" गाडी इतकी खाली की गुडघ्याला त्रास होणार. मी नाही म्हणलं नाही, पण हो पण म्हणू शकलो नाही.

छत उघडून चालवायचे दिवस किती, तेही मोजलं. मार्च ते जून दुपारी नावच नको. ऊस कारखान्याच्या सीझनला ट्रॉल्यांच्या मागं लागलो तर पाचट आणि काजळी डोक्यावर. उरले ते थंडीचे चार महिने दिवसभर, आणि बाकी वर्षभर पहाट, सूर्य वर येईपर्यंतची. म्हणजे मला पहाटे उठावं लागेल, आणि ते मी उठेन.

कारण मी चालवून बघितली. तपासणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मालक शेजारी बसला आणि आम्ही दौलताबादच्या रस्त्यानं म्हैसमाळला गेलो. इंजिनाचं काय सांगू, पाय दाबला की गाडी मागून ढकलल्यासारखी जाते, पण मला आठवतं ते वेगळंच. दौलताबादला रस्ता किल्ल्याच्या वेशीतून जातो, अरुंद, एका वेळी एकच मोठी गाडी. समोरून एसटी येत होती म्हणून आम्ही बरोबर वेशीत थांबलो. शेकडो वेळा त्या वेशीतून गेलोय, लग्नाच्या बसमधून, भद्रा मारुतीला, वेरूळला पाहुण्यांना घेऊन. त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली आणि डोक्यावर कमानीचे दगड दिसले, कडेला ओल धरून हिरवे झालेले, सांध्यात एक पारवा अंग फुगवून बसलेला. पावसाचं पाणी वरून ठिबकत होतं, एक थेंब माझ्या मनगटावर पडला. एसटी गेली, आम्ही निघालो, आणि कमानीच्या बाहेर पडताच डोक्यावर एकदम आभाळ आलं. कापसाच्या ट्रॉलीनंतर पहिल्यांदा. मी काही बोललो नाही, मालकही बोलला नाही, पुढं खुलताबादचा घाट लागेपर्यंत.

काल मालकाला फोन केला. टायरचा, रबरांचा हिशोब त्याच्यापुढं मांडला, नोंदणी त्यानंच स्वतःच्या नावावर असताना वाढवून द्यायची म्हणलं, आणि साडेसोळा लाख. त्यानं एक दिवस मागितला, आज दुपारी त्याचा फोन आला, सतराला ये, नोंदणी मी करून देतो, नळ्या उद्याच साफ करून घेतो. मी सतराला हो म्हणलं.

फक्त बयाणा अजून दिला नाही. रविवारी चाचांना घेऊन परत जातोय, डिक्कीत 20-20 लिटरचे दोन पाण्याचे जार टाकलेत. छत मिटवून वरून हळूहळू ओतायचे, एक माणूस गाडीखाली वाकून बघायला, दोन्ही बाजूनं धार लागली पाहिजे, आणि मग गालिचा उचलून हात दाबायचा. हात कोरडा निघाला तर पैसे तिथंच देणार. पोरगी सोबत येते म्हणतीय, पहिला रविवार तिचा ठरलाय.